धुण्याच्या खोलीतली कंपनी: आदी दास्लरकडे सुरुवातीला नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आदिदासचा संस्थापक बेकरीचं काम शिकलेला पोरगा, बुटांचं शिक्षण नाही, खिशात दमडी नाही, तरी त्यानं आईच्या कपडे धुण्याच्या खोलीत कंपनी उभी केली. मग भांडवल आणि तांत्रिक शिक्षण नसताना तुम्हीही स्पोर्ट्सवेअरचा ब्रँड काढायला काय हरकत आहे? आणि या गोष्टीत खरं किती, रंगवलेलं किती?

मी खेळाच्या बुटांच्या डेव्हलपमेंटमध्ये काम करतो. नमुन्याचा जोड बनवून घ्यायचा, तो खेळाडूच्या पायात घालून बघायचा, आणि मग कारखान्यातून तसेच हजारो जोड निघतील अशी घडी बसवायची, हे माझं रोजचं काम. म्हणून उत्तर कारागिराच्या बाजूनं देतो. आधीच सांगतो, तुम्हाला बूट करायचे आहेत की टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, यावर माझ्या उत्तराचा निम्मा भाग अवलंबून आहे. दोन्हीला आपण सरसकट स्पोर्ट्सवेअर म्हणतो, पण धंदे वेगळे आहेत. आदिदासनं पहिला ट्रॅकसूट बाजारात आणला तो १९६७ साली, फुटबॉलपटू फ्रान्झ बेकेनबाउअरच्या नावानं. त्याआधीची सगळी दशकं ही मुळात बूट बनवणारी कंपनी होती.

आता मूळ गोष्ट. घटना बहुतेक खऱ्या आहेत. ‘त्याच्याकडे काहीच नव्हतं’ हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

अडॉल्फ ऊर्फ आदी दास्लरचा जन्म ३ नोव्हेंबर १९०० चा. गाव हेर्त्सोगेनऑराख, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातलं, न्यूरेंबर्गजवळचं. चार भावंडांत हा सर्वांत धाकटा. दास्लर घराणं पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं. गावाचाही मुख्य धंदा कापड विणण्याचा होता. गिरण्यांपुढे हातमाग टिकेनात, तेव्हा गाव हळूहळू पादत्राणांकडे वळलं, विशेषतः घरात घालायच्या फेल्टच्या सपातांकडे. आदीचे वडील क्रिस्टोफ यांनीही माग सोडला, बुटांची शिलाई शिकून घेतली आणि बुटांच्या कारखान्यात नोकरी धरली. १९२० नंतरच्या काळात जेमतेम साडेतीन हजार वस्तीच्या या गावात शंभरावर लोक पादत्राणांच्या धंद्यात होते.

या एका आकड्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळतो, कारण गोष्ट सांगणारे त्यावरून उडी मारून पुढे जातात. अशा गावात पोरगा लहानाचा मोठा होतो तेव्हा चामडं कुठे मिळतं, कोण उधार देतं, तळ कोण चांगला तासतो, कुणाचा हात अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या, शिलाईत बसलेला आहे, हे सगळं त्याला शाळेत न जाताच माहीत असतं. काम अडलं तर दोन घरं सोडून उत्तर मिळतं. कारागीर हवा असेल तर शिकवून तयार करावा लागत नाही. माझ्या कामात नवख्या लोकांचा सर्वाधिक वेळ खातो तो भाग हाच: कुठला माणूस कुठलं काम नीट करतो याचा शोध. आदीला तो शोध घ्यावाच लागला नाही. शिवाय घरात वडील होतेच. बुटाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा मुलगा ‘बुटांचं शिक्षण नसलेला’ ठरतो तो फक्त कागदोपत्री.

बेकरीचं म्हणाल तर ते खरं आहे. वडिलांच्या इच्छेखातर तो बेकरीत उमेदवारी करत होता, ती त्यानं पूर्णही केली. पण पाव भाजण्यात त्याला रस नव्हता. त्याचा सगळा जीव मैदानावर. गावातल्या लोहाराचा मुलगा फ्रिट्झ त्सेलाइन हा त्याचा जिवलग दोस्त, आणि दोघं मिळून धावणं, फेकी, उड्या, फुटबॉल, जे दिसेल ते खेळायचे. आई पाउलिना घराच्या मागच्या बाजूला लोकांचे कपडे धुऊन द्यायची आणि आदी, रुडॉल्फ आणि थोरला फ्रिट्झ हे भाऊ ते गावभर पोचवायचे. धुणंवाल्यांची पोरं म्हणूनच त्यांना ओळखत.

१९१८ च्या जूनमध्ये, अठरा पुरी होण्याआधीच, आदीला लष्करात भरती करून घेतलं. परत आला तो १९१९ च्या शरद ऋतूत. युद्ध हरलेला देश, हाताला काम नाही, आणि दुसऱ्याकडून कपडे धुऊन घेणं कुणाला परवडेना म्हणून आईचा धंदाही बसलेला. खोली रिकामी पडली होती, तिथेच त्यानं बस्तान मांडलं. भाडं नाही, हे तुमच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या ओळीत लिहा.

सुरुवातीचं काम होतं जुने बूट दुरुस्त करण्याचं. मग मालाची टंचाई होती म्हणून युद्धानंतर इकडेतिकडे पडलेलं लष्करी सामान तो गोळा करू लागला. शिरस्त्राणांतलं आणि शिदोरीच्या पिशव्यांचं चामडं तळांना, पॅराशूटचं रेशीम सपातांना. वीज धड नव्हती, म्हणून चामडं तासायचं यंत्र त्यानं सायकलला पट्टा लावून चालवलं. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चामडं धरायचं. ही सायकल प्रत्येक लेखात येते आणि जुगाडाचं कौतुक होतं. मला त्यात वेगळं काही दिसतं. तासायचं यंत्र घ्यायचं असं त्यानं ठरवलं, म्हणजे तळाची जाडी सगळीकडे सारखी आली पाहिजे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. हातानं तासलेल्या चामड्याचा एक जोड सुंदर होतो, पन्नासावा तसाच होत नाही.

आता मुद्द्याचं. त्यानं पोट भरलं ते सपातांवर आणि रोज वापरायच्या दणकट बुटांवर. खेळाचे बूट तो त्यांच्या आडोशाला बनवत होता. याला मी योगायोग मानत नाही, कारण दोन्ही वस्तूंमधला फरक मला रोज दिसतो. सपातेला तुकडे कमी, शिवण सोपी, आणि पाय अर्धा बोट इकडेतिकडे झाला तरी गिऱ्हाईक तक्रार करत नाही. धावण्याच्या बुटात टाच जराशी सुटली की फोड येतो. अप्परचं चामडं ताणलं गेलं की दोन शर्यतींत बूट सैल होतो. त्या काळी धावपट्टी कोळशाच्या राखेची असायची, तिला लांब खिळे लागत. खिळ्याचं डोकं तळाच्या थरांमध्ये बसवावं लागतं. थर पातळ ठेवला तर पाऊल टेकताच डोकं तळव्यात टोचतं, जाड ठेवला तर बूट जड होतो आणि वाकत नाही. असा जोड पहिल्या खेपेला जमत नाही, दहाव्या खेपेलाही जमेलच असं नाही, आणि प्रत्येक फसलेल्या जोडाचं चामडं वाया जातं. तो खर्च कुणीतरी भरायला हवा. आदीसाठी तो सपातांनी भरला.

खिळे कुठून आले? त्सेलाइनच्या लोहारकामातून, हातानं ठोकलेले. आता दिसतंय ना, काय जुळून आलं होतं ते? स्वतः खेळाडू, घरात बुटांचा कारागीर, मित्र लोहार, गाव पादत्राणांचं, खोली फुकट. यातल्या कशालाच बँक भांडवल म्हणणार नाही. मी म्हणतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. खिळ्यांचे बूट हा आदीचा शोध नव्हे. इंग्लंडमध्ये बोल्टन इथे जोसेफ विल्यम फॉस्टर १८९० च्या दशकातच धावपटूंसाठी खिळ्यांचे बूट हातानं बनवत होता (त्याच्या नातवांनी पुढे रीबॉक काढली). आदीची खासियत अशी की एकच बूट सगळ्या खेळांना चालतो हे त्यानं मानलं नाही. वेगवान धावेला वेगळा, लांब पल्ल्याला वेगळा, उडीला वेगळा. आज हे इतकं उघड वाटतं की त्यात विशेष काय असं विचाराल. पण कारखानदाराच्या नजरेनं बघा: प्रत्येक नवा प्रकार म्हणजे नवे नमुने, नवे साचे, आणि विक्री मात्र थोडी. शहाणा व्यापारी त्या वाटेला जात नाही. मैदानात स्वतः घसरलेला माणूस जातो.

पैशाच्या बाबतीत काळही लक्षात घ्या. १९२३ मध्ये जर्मनीत चलनफुगवट्यानं नोटांची रद्दी केली. त्या वर्षी नोव्हेंबरात नवं रेंटेनमार्क चलन आलं आणि किमती थाऱ्यावर आल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, १ जुलै १९२४ ला, त्याच्याहून मोठा भाऊ रुडॉल्फ रीतसर भागीदार झाला आणि ‘गेब्रुडर दास्लर’, म्हणजे दास्लर बंधू, या नावानं बुटांचा कारखाना सुरू झाला. रुडॉल्फ त्याआधी न्यूरेंबर्गमध्ये चामड्याच्या घाऊक व्यापारात होता. बोलका, लोकांत मिसळणारा, माल खपवण्यात वाकबगार. आदी अबोल, कामाच्या टेबलाला चिकटलेला. पुढच्या भांडणामुळे रुडॉल्फला गोष्टीत खलनायकाची जागा मिळते. पण १९२४ ते १९२८ या काळात तो नसता तर आदीचे बूट गावच्या वेशीबाहेर किती गेले असते याची मला शंका आहे. १९२५ पर्यंत त्यांच्याकडे ठोकलेले स्टड, म्हणजे घसरू नये म्हणून तळाला लावलेली बोंडं, असलेले चामडी फुटबॉल बूट आणि खिळ्यांचे धावबूट दोन्ही होते. १९२६ च्या सुमारास धुण्याची खोली अपुरी पडली आणि कारखाना रेल्वे स्टेशनजवळच्या इमारतीत गेला. तेव्हा डझनभर कामगार दिवसाला ५० जोड काढत होते.

इथपर्यंत थोडक्यात: आधी दुरुस्ती, मग सपाता, त्यांच्या पैशावर खेळाच्या बुटांचे प्रयोग, मग विकणारा भागीदार, मग जागा. खोली ते कारखाना हा प्रवास सहा-सात वर्षांचा आहे आणि त्यात एकही टप्पा वगळलेला नाही.

यानंतरचा भाग नव्या ब्रँडवाल्यांनी सगळ्यात नीट वाचावा. जर्मनीच्या अॅथलेटिक्स संघाचा प्रशिक्षक योझेफ वाइट्झर, स्वतः जुना ऑलिंपियन, याच्या कानावर या कारखान्याचं नाव गेलं आणि तो बघायला आला. आदीची आणि त्याची गट्टी जमली. वाइट्झर खेळाडूंना बूट घालायला लावायचा आणि काय बिनसलं ते परत येऊन सांगायचा. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राडके हिनं महिलांची ८०० मीटर शर्यत जिंकली, २ मिनिटं १६.८ सेकंदांत, जागतिक विक्रमासह, आणि तिच्या पायात दास्लरचे खिळे होते. (त्या शर्यतीनंतर काही धावपटू दमून पडल्या याचा एवढा बाऊ झाला की महिलांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती १९६० साली परत आली. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) लोक या सुवर्णपदकाकडे जाहिरात म्हणून बघतात. माझ्या मते वाइट्झरची खरी किंमत त्याच्या तक्रारींत होती. खेळाडूला ‘बूट कसा वाटला?’ विचारलं तर तो ‘छान’ म्हणतो. प्रशिक्षक सांगतो की तिसऱ्या वळणावर हिचा डावा चवडा बाहेर जातो. त्या वाक्यावर बूट सुधारता येतो.

आता शिक्षणाचा प्रश्न. ‘आदी शिकलेला नव्हता’ हे वाक्य १९३२ पर्यंतच खरं आहे. त्या वर्षी, हातात चालता कारखाना आणि ऑलिंपिकचं सुवर्ण असताना, हा गृहस्थ पिर्माझेन्सच्या बुटांच्या तंत्रशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. पिर्माझेन्स हे जर्मन बूटउद्योगाचं केंद्र. तिथले एक शिक्षक फ्रान्झ मार्ट्झ हे लास्टमधले जाणकार. (त्यांच्या मुलीशी, केटेशी, आदीनं १९३४ मध्ये लग्न केलं आणि पुढे धंद्याचा मोठा भार तिनं उचलला.)

लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, कारागीर ज्याला फर्मा म्हणतात. बूट त्याच्यावर ओढून बसवला जातो. बाहेरच्या माणसाला डिझाइन म्हणजे अप्परवरचे रंग आणि रेघा वाटतात, पण बूट पायाला धरतो की नाही हे फर्मा ठरवतो. शिवाय प्रत्येक मापाला डावा-उजवा वेगळा, आणि बूट आकार धरेपर्यंत फर्म्यावरच राहायला हवा, म्हणून प्रत्येक मापाच्या अनेक जोड्या लागतात. दिवसाला ५० जोड काढायचे तर शेकडो ठोकळे कपाटात हवेत, आणि फर्म्याचा आकार चुकला असेल तर ते सगळे जळणात. दहा-बारा वर्षं बूट केल्यावर आदीला आपलं नेमकं काय अडतंय ते कळलं असणार, म्हणून तो शिकायला गेला. आधी शिक्षण, मग धंदा हा क्रम त्यानं पाळला नाही. पण शिक्षण टाळलंही नाही. तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याकडे अकरा खेळांसाठी तीस प्रकारचे बूट आणि शंभराच्या आसपास कामगार होते.

गोष्टीतला जो भाग गाळला जातो तोही सांगायला हवा. १९३३ च्या मे महिन्यात दोघे भाऊ नाझी पक्षात सामील झाले. नव्या राजवटीनं खेळाला राष्ट्राचं काम बनवलं, मैदानं वाढली, बुटांची मागणी वाढली, आणि दास्लर बंधूंची भरभराट त्याच लाटेवर झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू दास्लरचे खिळे घालून धावला आणि त्यानं चार सुवर्णपदकं जिंकली, हेही तितकंच खरं. युद्धाच्या अखेरीस त्याच कारखान्यात रणगाडाविरोधी रॉकेट लाँचरचं जोडकाम चालत होतं. युद्धानंतरच्या चौकशीत आदीवर आधी गंभीर ठपका आला. अपिलांनंतर १९४७ मध्ये तो ‘सोबत वाहत गेलेला’ या सौम्य वर्गात आला आणि कारखाना त्याच्याकडे राहिला. यशाचं श्रेय फक्त जिद्दीला देणाऱ्या कुठल्याही चरित्राकडे मी म्हणूनच जरा संशयानं बघतो.

भावांचं फाटलं ते १९४८ मध्ये. कामगारांना विचारण्यात आलं, कोण कुणाकडे. रुडॉल्फ ऑराख नदीच्या पलीकडे गेला आणि त्यानं जी कंपनी काढली ती प्यूमा. आदीनं १८ ऑगस्ट १९४९ ला, ४७ कामगारांसह, स्वतःच्या नाव-आडनावातली अक्षरं जोडून आदिदास नोंदवली. म्हणजे आज ज्याला कंपनीचा जन्म म्हणतात तेव्हा संस्थापक अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि बूट बनवण्यात तीस वर्षं घालवून बसला होता. तीन पट्ट्यांची कथाही अशीच कामातून आलेली आहे. बाजूनं शिवलेले चामड्याचे पट्टे अप्परला ताणू न देण्यासाठी बूट करणारे आधीपासून वापरत होते. लांबून उठून दिसतील असे तीन आदीनं आपली खूण म्हणून घेतले. तीन पट्ट्यांचा हक्क फिनलंडच्या कार्हू कंपनीकडे होता, तो १९५२ च्या सुमारास आजच्या हिशेबात सुमारे १६०० युरो आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या देऊन त्याच्याकडे आला. १९५४ मध्ये बर्नच्या पावसात पश्चिम जर्मनीनं हंगेरीला ३-२ नं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा चिखलासाठी बदलता येणारे लांब स्टड सगळ्या जगानं पाहिले. स्क्रूचे स्टड पहिले कुणाचे यावर प्यूमाचा दावा वेगळा आहे. त्या वादात मी पडत नाही.

आता तुमच्यापुरतं. कपड्यांचाच ब्रँड काढायचा असेल तर शिवून देणारे कारखाने मिळतात, थोड्या मालावर सुरुवात होऊ शकते, आणि तांत्रिक शिक्षणाशिवाय पहिली दोन वर्षं निघू शकतात. तिथे तुमची खरी अडचण वेगळी, विक्रीची असेल. बूट करायचे असतील तर एखादा तयार फर्मा विकत घेऊन त्यावर फक्त अप्पर बदलण्यापासून सुरू करा. नवीन फर्मा बनवण्याच्या भानगडीत इतक्यात पडू नका. घरखर्च चालवणारं एक साधं उत्पादन किंवा नोकरी हाताशी ठेवा. एक प्रशिक्षक गाठा, जो तुम्हाला तोंडावर नावं ठेवेल. भावाला किंवा मित्राला भागीदार करणार असाल तर कोण काय करणार, आणि वेगळं व्हायचं झालं तर यंत्रं, साचे, नाव कुणाचं, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. कोर्स आत्ताच करायचा का, तर माझं मत नाही असं आहे. पंचवीस-तीस नमुने फसल्यावर करा, तेव्हा वर्गात कुठले प्रश्न विचारायचे ते तुम्हाला ठाऊक असेल.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे: खेळ कुठला? तुम्ही स्वतः काय खेळता आणि त्या खेळात सध्याच्या बुटाचं किंवा कपड्याचं काय खटकतं, ते सांगा. त्यावरून पहिला नमुना कशाचा करावा हे जास्त नेमकं सांगता येईल.